वानगीदाखल

"काका, तुमच्या वेळी पोर्टल कुठलं होतं?"

तिने हे विचारलं तेव्हा मी चष्मा पुसत होतो, म्हणून हसू लपलं. माझं ऑफिस पुण्याच्या मार्केट यार्डाच्या गेटापासून पाच मिनिटांवर, एका मसालेवाल्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर आहे. खाली मिरची ओतली की वर अशील आणि वकील दोघेही एकाच सुरात खोकतात. ती समोर लॅपटॉप उघडून बसली होती. पाच वर्षांचा लॉचा अभ्यासक्रम पुरा करून, सनद घेऊन, दोन वर्षं कामगार न्यायालयात ज्युनिअर म्हणून फाइली वाहिलेली मुलगी. राहायला आंबेडकर नगरात, यार्डाला लागूनच. वडील भुसार बाजारात हमाल, आई फुलबाजारात हार ओवते. पोरीला लंडनला एल्‌एल.एम. करायचंय.

आमचं पोर्टल म्हणजे कॅम्पातलं जीपीओ, असं मी तिला सांगितलं. तिला ते विनोदाने घ्यावं की माहिती म्हणून, हे कळेना.

1992 साली मी एल्‌एल.बी. झालो. त्या काळी परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा तर आधी अर्ज मागवायचा अर्ज करावा लागे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश कौन्सिल लायब्ररीत जाडजूड निर्देशिका असायच्या, त्यातून पत्ते उतरवून घ्यायचे. अमेरिकेचे पत्ते हवे असतील तर डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन न्यू मरीन लाइन्सचं अमेरिकन सेंटर गाठायचं. मग निळ्या एरोग्रामवर, टाइप करून, 'कृपया माहितीपुस्तिका व अर्जाचा नमुना पाठवावा' अशी विनंती. कागदाच्या तीन घड्या, कडांना डिंक. महिना-दीड महिना काहीच नाही. आणि मग एखाद्या दुपारी जाड पाकीट यायचं, आत गुळगुळीत कागदावर हिरवळ, हिरवळीवर लोळत वाचणारी मुलं. ती हिरवळ मी इतक्या वेळा पाहिली की त्या विद्यापीठाच्या झाडांचा क्रम मला पाठ होता.

पत्ता दुकानाचा दिलेला असे. आम्ही राहत होतो त्या चाळीत पोस्टमन जिन्याखालीच पत्रं टाकून जाई आणि तिथून ती कुठे जातील याचा नेम नसे. माझे वडील, अण्णा, ज्या आडत दुकानात दिवाणजी होते, त्या दुकानाच्या नावाखाली 'मार्केट यार्ड, पुणे 411037' असं लिहिलं की पाकीट बिनचूक गादीवर येऊन पडे. गूळ, तूर आणि हरभऱ्याच्या पावत्यांमध्ये अमेरिकेची हिरवळ. शेठ ते पाकीट हातात तोलून बघायचे. काही न उघडता "हलकं आहे" किंवा "जड आहे" एवढंच म्हणायचे. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. नकाराचं पाकीट एका कागदाचं असतं, होकाराबरोबर दहा कागद येतात, हे मला नंतर कळलं. त्यांना वजनाचं कळत होतं.

भरायच्या फॉर्ममध्ये आडनाव, पहिलं नाव आणि मधल्या नावाचं एकच अक्षर. वडिलांचं नाव एका चौकोनात कोंबून मी आठवडाभर खंत करत होतो. अर्जाची फी पन्नासेक डॉलर, ती ड्राफ्टने पाठवायची. परकीय चलन म्हटलं की तेव्हा 'फेरा'चा काळ, बँकेत फॉर्म, सह्या, कारण विचारणं. एका बँकेने ड्राफ्टवर विद्यापीठाच्या नावातलं एक अक्षर गाळलं. दुरुस्त करून घ्यायला आठ दिवस गेले आणि त्या आठ दिवसांत मुदत गेली. त्या विद्यापीठाचं नाव मी अजून स्पेलिंगसकट बिनचूक लिहितो.

आता ती काय करते? चार खिडक्या उघडते. एकीत अर्ज, दुसरीत गुणपत्रिकेची पीडीएफ, तिसरीत पासपोर्टचा स्कॅन, चौथीत फी, तीही आईच्या कार्डावरून. वीस मिनिटं. शेवटचं बटण दाबण्याआधी मात्र ती थांबली आणि दोन बोटं कपाळाला लावून मग दाबलं. जीपीओच्या लाल पेटीत पाकीट सोडताना मीही हेच केलं होतं. पेटीच्या फटीत हात घालून, आत पडल्याचा आवाज येईपर्यंत.

पुण्याहून परदेशी कायदा शिकायला जायची ही वाट तशी जुनी, एवढंच की ती फार थोड्यांच्या पायाखालची. नाशिकला जन्मलेली, डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी परीक्षेत पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, पण ती बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लोरेन्स नाइटिंगेलही होती. 1889 साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली, 1892 मध्ये बी.सी.एल.ची परीक्षा दिली, आणि पदवीचा कागद हातात पडला 1922 साली. तीस वर्षं. मी हे सांगितल्यावर पोरगी म्हणाली, "आणि आम्ही मेल दोन दिवस आला नाही तर स्पॅम बघतो."

गुणांचा घोळ तेव्हाही होता, आजही आहे. आमच्या काळी लॉला साठ टक्के म्हणजे वर्गात कुजबुज व्हावी असं काही. मला सत्तावन्न होते आणि मी स्वतःला हुशार समजत होतो, वर्गही समजत होता. पण अमेरिकेतल्या माणसाने 57 हा आकडा बघितला की त्याला वाटणार, पोरगा जेमतेम पास झालाय. म्हणून शिफारसपत्रात प्राध्यापकांनी लिहायचं असे की या विद्यापीठात कायद्याला इतके गुण म्हणजे काय ते समजून घ्यावं. आता अमेरिकेच्या अर्जांसाठी एलसॅक नावाची संस्था गुणपत्रिका एकदाच मागवते, त्यांचं मोल ठरवते आणि सगळ्या विद्यापीठांना पाठवते. सोय झाली. पण सत्तावन्न आणि सत्याऐंशी यांमधली दरी समजावणारं माणूस त्या यंत्रात कुठे बसतं, ते मला दिसलं नाही.

शिफारसपत्रांचं मात्र काही बदललेलं नाही. माझ्या एका सरांनी "तूच लिहून आण, मी सही करतो" असं सांगितलं. स्वतःची स्तुती स्वतः टाइप करून, त्यांच्या सहीसाठी तीन दिवस त्यांच्या दाराशी उभा राहिलो. पाकीट बंद केल्यावर चिकटवलेल्या कडेवरून आडवी सही हवी, ती नसेल तर पत्र ग्राह्य नाही. तिच्या सरांना विद्यापीठाकडून थेट लिंक गेली. सरांनी ती लिंक तिलाच फॉरवर्ड केली, सोबत एक वाक्य. कोणतं, ते ओळखा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला अजून अवघडायला होतं.

'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाचा एक निबंध लिहावा लागतो. तुम्ही कोण, इथे का यायचंय, शिकून काय करणार. मी माझा लिहिला होता त्याची कार्बन कॉपी माझ्याजवळ आहे. पोरीने मागितली, म्हणून कपाटातून काढली. दोन पानं. न्यायाचं उदात्त ध्येय, घटनेची थोरवी, लहानपणापासूनची ओढ. दोन पानांत कुठेही मार्केट यार्ड नाही. गुळाच्या ढेपा नाहीत, आडत नाही, अण्णांची खतावणी नाही. वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'अकाउंटंट' असं लिहिलं होतं. दिवाणजीला इंग्रजीत तोच शब्द बसतो अशी मी स्वतःची समजूत घातली, पण खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या हिरवळीवर लोळणाऱ्या मुलांच्या शेजारी मला पोत्यांचा वास येऊ द्यायचा नव्हता.

तिने ती दोन पानं शांतपणे वाचली. परत दिली. "काका, यात तुम्ही कुठे आहात?"

यार्डात पोतं विकत घेताना कोणी पूर्ण उघडून बघत नाही. लोखंडी, टोकदार, पोकळ नळी असते, तिला बंबी म्हणतात. ती पोत्याच्या पोटात खुपसायची, ओढायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा. ती मूठ म्हणजे वानगी. तेवढ्यावर शंभर पोत्यांचा भाव ठरतो. म्हणून वरच्या थरात चांगला माल आणि खाली कचरा भरणारेही असतात, आणि म्हणूनच मुरलेला खरेदीदार बंबी वरून नाही, मधून नि खालून मारतो. अण्णांनी हे मला दहाव्या वर्षी दाखवलं होतं. पुढे मी अमेरिकेला जी वानगी पाठवली, ती नुसत्या वरच्या थराची होती.

तिच्या निबंधाची पहिली ओळ पोत्याची आहे. तिचे वडील यार्डात आले तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं, आता पन्नासचं. मधे काय घडलं, कोणी घडवलं, कुठला कायदा कामी आला आणि कुठला कागदावरच राहिला, हे ती पुढच्या दीड पानात लिहिते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली एका माणसाने वाहायच्या ओझ्याबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली. ती शिफारस जिनिव्हात झाली तेव्हा पुण्यात शंभर किलो पाठीवर होते. ती जिनिव्हापासून गुलटेकडीच्या या यार्डापर्यंत कशी आली, हा तिचा अभ्यासाचा विषय. पोरीने ओझं या शब्दाचा अलंकार केलेला नाही. किलोत लिहिलंय.

मला एक शंका होती, ती मी बोलून दाखवली. हल्ली सल्लागार म्हणवणारे लोक पैसे घेऊन सांगतात, 'स्टोरी लागते'. गरिबी असेल तर पुढे आणा, नसेल तर शोधा. म्हणजे आम्ही जे लाजून लपवलं, ते आता मांडून विकायचं. तेव्हा पोत्यांच्या वासाची लाज, आता पोत्यांच्या वासाचा भाव. तिने ऐकून घेतलं.

"काका, बंबी ते मारणारच आहेत ना? मग वरचा थर वेगळा कशाला भरायचा?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शंका मात्र पूर्ण गेली नाही, हेही लिहून ठेवतो. ज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं ओझं नाही, त्या साध्या सत्तावन्न टक्केवाल्या पोराने आता काय लिहायचं?

अण्णा माझ्या शिक्षणाचा हिशेब पट्टीच्या पाठकोऱ्या कागदावर करायचे. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब. माल इतका, भाव इतका, त्यातून गाडीभाडं वजा, हमाली वजा, तोलाई वजा, आडत वजा, हाती काय उरलं ते शेवटी. अण्णांना दुसरी मांडणी येतच नव्हती. त्यांनी माझ्या एल्‌एल.एम.ची पट्टी केली. फी, खोली, जेवण, पुस्तकं, विमान मिळून पंचवीस हजार डॉलर. सव्वीसने गुणले, साडेसहा लाख. ही 1992 ची दिवाळी. 1991 च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, तेव्हापासून कागदोपत्री डॉलर सव्वीसच्या आसपास होता. मार्च 1993 मध्ये सरकारने विनिमयाचा एकच, बाजारातला दर लागू केला आणि डॉलर एकतीसवर गेला. म्हणजे माझा अर्ज तिकडे कोणाच्या तरी टेबलावर पडून असताना इकडे पट्टीतला आकडा सव्वा लाखाने वाढला. मी काही जास्त शिकणार नव्हतो.

एप्रिलात पाकीट आलं. शेठने हातात घेतलं, म्हणाले, "जड आहे." दुकानात पेढे वाटले गेले. टोळीतल्या हमालांनी खाल्ले, तोलणाऱ्यांनी खाल्ले, शेजारच्या गाळ्यावर गेले. दहा कागद होते, त्यात शिष्यवृत्तीचा एकही नव्हता.

शेठ दीड लाख द्यायला तयार होते, हे त्यांचं मोठेपण. टाटा एन्डाउमेंटचा फॉर्म आणला होता. 1892 पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारी ती संस्था, पण त्यांची रक्कम धरूनही खड्डा भरत नव्हता. तारण म्हणून दाखवायला अण्णांकडे घर नव्हतं, आणि पगाराचा पुरावा तर मुळीच नव्हता. दिवाणजीचा पगार दर महिन्याला पाकिटातून मिळे, कधी अर्धा, कधी सणाला दीडपट. सगळ्या बाजाराचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मिळकतीचा कागद नव्हता. मे महिन्यात मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, यंदा येऊ शकत नाही. पुढच्या वर्षी कळवतो, असंही लिहिलं होतं.

अमेरिकन वकिलातीच्या दारापर्यंत मी पोचलोच नाही. मित्र पोचले. ते सांगायचे, ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर पहाटे चारपासून रांग, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कागद. ती वकिलात 2011 मध्ये वांद्र्याला हलली आणि 2015 साली ते लिंकन हाउस 750 कोटींना घ्यायचं ठरवलं, ते पुण्याच्या पूनावालांनी. व्यवहार पुढे अडला तो अडला, पण पुणेकर अखेर रांगेत न उभं राहता आत जायला निघाला, याचं मला त्या दिवशी उगाच समाधान वाटलं होतं.

तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी मी धसका घेतला होता. म्हटलं, आता हमालाच्या मिळकतीचा पुरावा कुठून आणायचा. तिने पिशवीतून एक फाइल काढली. दर महिन्याची नोंद, भविष्य निर्वाह निधी, बोनस, सगळं शिक्क्यासकट. 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. मजुरी आडत्याच्या हातातून हमालाच्या हातात पडत नाही, ती माथाडी मंडळात जमा होते आणि तिथून हिशेबाने मिळते. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पन्नासच्या दशकापासून जो लढा दिला, त्याचं एक फळ म्हणजे ही फाइल. मी ती चाळत होतो आणि मला अण्णांचं ते पाकीट आठवत होतं. गादीवर बसणाऱ्याकडे कागद नव्हता, पाठीवर वाहणाऱ्याकडे आहे. हे मी तिला बोललो नाही. हमाल भवनावरून तीस वर्षं जातोय, पंचायतीच्या, 1974 पासून चाललेल्या 'कष्टाची भाकर'मध्ये वकील झाल्यावरही दुपारची झुणका-भाकर खातोय, पण त्या लढ्याचं वजन मला त्या दुपारी कळलं.

आता पैशाचं. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठात एल्‌एल.एम.चं एक वर्ष म्हणजे फी, राहणं, विमा धरून लाख डॉलरच्या वर. रुपयात एक कोटीच्या आसपास, कधी त्याहून जास्त. नऊ महिन्यांचं शिक्षण. आणि नातेवाईक विचारतात, "म्हणजे मग तिकडे वकिली करता येते ना?" येते आणि येत नाही. न्यूयॉर्कसारख्या राज्यात परदेशी कायदा शिकलेल्याला 24 क्रेडिटचा एल्‌एल.एम. केला की बार परीक्षेचं दार उघडू शकतं. कॅलिफोर्नियात तर आपल्याकडची सनद असलेल्या वकिलाला एल्‌एल.एम.शिवायही बसता येतं. कॅनडाचा प्रकार निराळा, तिथली एक समिती तुमची पदवी तपासून सांगते की घटना, फौजदारी, प्रशासकीय कायदा वगैरे इतक्या विषयांच्या परीक्षा द्या किंवा त्यांचे अभ्यासक्रम करा. म्हणून परदेशी वकिलांसाठी तिथे खास एल्‌एल.एम. निघाले. इंग्लंडमध्ये 2021 पासून सॉलिसिटरची एकच सामाईक परीक्षा आहे. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एल्‌एल.एम. म्हणजे वर जायची एक पायरी, एवढंच. माहीत असतं तर कदाचित मी अर्जच केला नसता, आणि ती हिरवळ, ते जड पाकीट, पेढे, काहीच घडलं नसतं.

तिने सगळं आधीच माहीत करून घेतलं आणि त्यातून एकेक देश खोडत गेली. मे 2025 मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणं काही आठवडे थांबवलं, मग समाजमाध्यमांवरची खाती उघडी ठेवायची अट आली. सप्टेंबरात नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर लाख डॉलरची फी. तिने अमेरिकेवर रेघ मारली. कॅनडाने 2024 पासून विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, तिथे अर्धी रेघ. लंडन राहिलं. तिथेही पदवीनंतर काम करायची मुदत दोन वर्षांवरून दीड वर्षावर येणार आहे, पण तिला परतच यायचंय, असं ती म्हणते. मीही तसंच म्हणालो होतो, तेव्हा सगळेच म्हणायचे.

आमचा नकार अमेरिकेतून यायचा. आताचा बराचसा नकार घरीच, रात्री अकरा वाजता, लॅपटॉपसमोर ठरतो. पंधरा विद्यापीठांच्या यादीतल्या बारांना तिने अर्जच केला नाही, आणि त्या बारांना ते कळणारही नाही.

फी ठरलेली असते, अशी माझी समजूत होती. कॉलेजच्या फीवर घासाघीस करायची असते, हे कोणाच्या डोक्यात येणार? बाजारात वाढलेल्या पोराच्या तर नक्कीच यायला हवं होतं. जुन्या काळी गूळ-मिरचीचा भाव रुमालाखाली ठरायचा, दोन्ही व्यापाऱ्यांची बोटं कापडाखाली, तोंड निर्विकार, शेतकरी शेजारी उभा आणि त्याला काही दिसत नाही. ती हत्ता पद्धत. कायद्याने उघड लिलाव आणला तो त्यासाठीच. पोरीने काय केलं? एका विद्यापीठाने फीत थोडी सूट देऊ केली, ते पत्र जोडून दुसऱ्याला नम्रपणे विचारलं, तुमच्याकडे काही होईल का. दुसऱ्याने दोन हजार पौंड कमी केले. तिचे वडील त्या दिवशी ऑफिसात होते. त्यांना मी हे समजावलं तर म्हणाले, "म्हंजी हत्ताच की, वकीलसाहेब. नुसता रुमाल काढला."

दोन हजार कमी झाले तरी फीच तीस-पस्तीस हजार पौंडांच्या घरात. सगळी मदार राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीवर आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची ही योजना अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, वर्षाला 75 जागा. नाव अगदी योग्य माणसाचं आहे. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. 1920 मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची शिल्लक, मित्राकडून उसने घेतलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर, आणि ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आले. तिच्या वस्तीच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव आहे, म्हणून मी तिला विचारलं, निबंधात हे का नाही? ती म्हणाली, "त्यांचं त्यांनी वाहिलं, काका. मी आमचं लिहिते."

फेब्रुवारीत एका रात्री दोनला मला व्हॉट्सअॅप आला. स्क्रीनशॉट. 'आम्हाला कळवण्यास आनंद होत आहे' एवढं वाचता आलं, बाकी बारीक होतं. जड की हलकं, हे स्क्रीनशॉटवरून कळत नाही. सकाळी दोघं बापलेक ऑफिसात आले, हाती पेढे नव्हते. मी म्हटलं, काय हो, तोंड गोड करा. तिचे वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते तसेच बसतात, तीस वर्षं ओळख असूनही.

"तुमच्या टायमाला खाल्ले होते पेढे आम्ही," ते म्हणाले. "दिवाणजींनी वाटले होते. मी नवाच होतो टोळीत. दोन खाल्ले."

मी काही बोललो नाही. खाली मसालेवाल्याने मिरची ओतली, तिघंही खोकलो.

"यादी लागू द्या शिष्यवृत्तीची. व्हिसा होऊ द्या. इमान उडालं, की मग पेढे."

मग त्यांनी कागदपत्रं विचारली, काय काय राहिलं. मी सांगितलं, जाहिरात निघाली की अर्ज भरायचा, जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा आहे, पासपोर्ट आहे. थंडीचे कपडे लागतील. प्रेशर कुकर सगळे नेतात. मेतकूट, भाजणी, मसाला. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"वजन किती न्यायला मिळतं?"

"दोन बॅगा," पोरगी म्हणाली. "तेवीस-तेवीस किलोच्या."

त्यांनी मनात बेरीज केली आणि माझ्याकडे बघून हसले.

"बस, एवढंच?"